प्रमाण पाय

रुग्णालयात उष्णता टिपणारा कॅमेरा आला, त्यामागचा हेतू निर्मळ होता, हे आधीच नोंदवून ठेवणे योग्य. पाय लाल होऊन सुजला की तो जंतुसंसर्ग आहे की नुसतीच शिरांची कुरकुर, हे नुसत्या नजरेला चटकन कळत नाही. कॅमेरा दोन्ही पायांचा रंगीत फोटो काढी. दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा बराच गरम निघाला तर संसर्ग, नाहीतर पाय उशीवर ठेवून पडा. चार दिवस सगळे सुरळीत चालले. पाचव्या दिवशी एक आजोबा आले, त्यांचे दोन्ही पाय लाल. ‘निरोगी पायाचे तापमान’ हा रकाना रिकामा राहिला, आणि रिकाम्या रकान्यावरून संगणक पुढे सरकेना.

वर पत्र गेले. वरून उत्तर आले की, रुग्णाचा दुसरा पाय हा पहिल्याचा सख्खा भाऊ असल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. रुग्णालयाने एक प्रमाणित निरोगी पाय कायमस्वरूपी बाळगावा. आजोबा तोवर कंटाळून घरी गेले होते आणि बरेही झाले होते.

मग सगळ्या कर्मचाऱ्यांचे पाय तपासण्यात आले. डॉक्टरांच्या शिरा फुगलेल्या, सिस्टरांचे पाय दिवसभर उभे राहून सुजलेले, रखवालदाराच्या टाचांना भेगा. निष्कलंक पाय एकच निघाला, नोंदणी कारकुनाचा डावा. सोळा वर्षांत खुर्चीतून उठण्याचा फारसा प्रसंग न आल्याने त्याची अजिबात झीज झाली नव्हती. उजवाही तितकाच चांगला होता, पण मंजुरी एकाच पायाची होती.

कारकून साधा माणूस. जन्मात कोणी कशात पहिला नंबर दिला नव्हता, त्यामुळे त्याला मनापासून आनंद झाला. बायकोने शेजारणींना बोलावून पाय दाखवला. ‘जावयात काही दम नाही’ असे लग्नापासून म्हणत आलेल्या सासूबाई आता फोनवर आधी पायाची खुशाली विचारीत, मग जावयाची.

प्रमाण बिघडू नये म्हणून पायावर जाड मोजा चढवून लाखेचे सील लावण्यात आले. रोज सकाळी दोन साक्षीदारांसमक्ष सील फोडायचे, फोटो काढायचा, पुन्हा सील लावायचे. धुण्यास परवानगी नव्हती, कारण पाण्याने अंश घसरतात. सहा आठवडे बिनधुतल्या पायाचे जे व्हायचे ते झाले. बोटांच्या बेचक्यात चीर पडली, ती चिघळली, आणि एका सोमवारी पाय पोटरीपर्यंत लाल होऊन ठणकू लागला.

त्याच सोमवारपासून रुग्णालयाला एकही संसर्ग सापडेना. जो तो पाय प्रमाणापेक्षा गारच निघे. वॉर्ड ओस पडला आणि अधीक्षकांना अभिनंदनाचे पत्र आले. वॉर्डच्या एका वयस्कर सिस्टरांना मात्र हाताची पालथी बाजू लावली की पाय कळायचा. परत पाठवलेल्या रुग्णांना त्या मागच्या दाराने आत घेऊन उपचार सुरू करून देत.

कारकून लंगडत डॉक्टरांकडे गेला. अंगात हुडहुडी भरलेली, आणि पाय जातो की काय या भीतीने त्याची पाचावर धारण बसलेली. डॉक्टरांनी फोटो काढला आणि नियमाप्रमाणे प्रमाण पायाशी, म्हणजे त्याचा त्याच्याशीच, ताडून पाहिला.

“फरक शून्य,” डॉक्टर म्हणाले. “इतका निरोगी पाय मी अजून पाहिला नाही.”

“अहो, सुजलाय तो. निदान माझ्या उजव्याशी तरी लावून बघा.”

डॉक्टर भले होते. त्यांनी तेही केले, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. उजवा पाय प्रमाणापेक्षा तीन अंशांनी गार होता. रक्तपुरवठ्याची शंका नोंदवून त्यांनी उजव्याला शेक आणि लोकरी पट्टी लिहून दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात, हे कारकुनाला त्या दिवशी अंगावर कळले.

बाहेर त्याच वयस्कर सिस्टरांनी त्याला गाठले आणि मोज्यावरूनच हात लावला.

“भाऊ, मोजा काढा आधी.”

“सील तोडलं तर चौकशी होईल, सिस्टर.”

“आणि पाय तोडावा लागला तर?” म्हणत त्यांनी कात्री काढली.

पाय धुतला गेला, उशीवर चढला, औषध सुरू झाले. नव्या मोज्याला लावायला लाख मिळेना, तेव्हा सिस्टरांनी सुनेचे लाल नेलपॉलिश वापरले. साक्षीदार बऱ्याच दिवसांपासून सील न बघताच सही करीत असल्याने काही बिघडले नाही.

दहा दिवसांत पाय पूर्ववत झाला, आणि त्याच सकाळी रुग्णालयाला चार संसर्ग सापडले. शून्यावरून चार म्हणजे साथच. अधीक्षकांनी चौकशी लावली. पाय मध्यंतरी आजारी होता असे मानले तर अभिनंदनाचे पत्र परत करावे लागणार होते, म्हणून तो निष्कर्ष सुरुवातीलाच बाद झाला. राहता राहिला कॅमेरा. सुरुवातीपासून खरे बोलणारा तेवढाच असल्याने त्याला दुरुस्तीसाठी कपाटात ठेवण्यात आले.

“कोणालाच त्रास नको,” अधीक्षक कारकुनाला प्रेमाने म्हणाले. “पाय नेहमीच निरोगी होता, माझी काही तक्रार नाही, एवढं लिहून द्या.”

खरे लिहावे तर सिस्टरांची कात्री बाहेर येणार आणि त्यांची नोकरी जाणार. त्या दारातच उभ्या होत्या. कारकुनाने सही केली. पाय आता दुखत नव्हता, त्यामुळे लिहिलेले फारसे खोटेही वाटेना.

तुम्हाला त्याचे हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त त्याआधी, ‘माझी काही तक्रार नाही’ या ओळीखाली तुम्ही शेवटची सही केलीत, तेव्हा तुमचे नेमके कुठे दुखत होते, तेवढे आठवून बघा.