बस्त्याव अंकलचं गॅरेज-मंडळ

बस्त्याव अंकलनी एकदा स्वतःच्याच गॅरेजला नोटीस काढली. फुटपाथवर ऑइल सांडल्याबद्दल. नोटीस लिहिली, बाहेर जाऊन स्वतःचंच दार वाजवलं, आत येऊन सही केली आणि दोन दिवसांनी लेखी माफी मागितली. माफीची भाषा उर्मट वाटली म्हणून ती परत पाठवली.

हे अबुधाबीजवळच्या मुसफ्फामधलं. आमच्या गल्लीत चार दुकानं. अंकल वसईचे, इंजिनवाले. मी दिलीप, चिपळूणचा, गाड्यांचं वायरिंग करतो. कुट्टी केरळचा, एसीवाला. आणि खान पेशावरचा, जुन्या गाड्या विकतो. आम्हा चौघांचं मिळून 'मोटार विक्री व दुरुस्ती स्वयंशासित मंडळ'. अध्यक्ष अंकल. बाकी तिघे सभासद, म्हणजे आळीपाळीनं आरोपी.

"सरकारचे नियम आहेत ना, अंकल," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. "आपल्याला कशाला नसती उठाठेव?"

"अरे बाबा, कुठला बोल्ट कोणी अर्धाच पिळला ते सरकारला काय माहीत? ते आपलं आपल्यालाच कळतं. आणि तोंडी बोलू नको, हरकत लेखी दे."

त्यांचे नियम ऐका. बदललेला जुना पार्ट कागदात नीट गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. एका बाईंना वाटलं मिठाईच दिली, त्या अरबीत 'शुक्रन' म्हणत आभार मानून गेल्या. खानसाठी खास नियम असा, की गाडीतला दोष चहाच्या आधी सांगायचा. चहा पोटात गेला की माणूस भिडेला बळी पडतो, असं अंकलचं ठाम मत. सुट्टीच्या दुपारी अंकलच्या गॅरेजमध्ये सुनावणी. दोषी ठरलात तर दुकानाची पाटी दिवसभर चादरीनं झाकायची. चादर अंकलची, फुलाफुलांची. कुट्टीची पाटी दोनदा झाकली गेली. खानची किती वेळा ते विचारूच नका. माझी बारा वर्षांत एकदाही नाही. मला त्याचा माज होता, लपवू कशाला?

आता गंमत बघा. या जाचानं गल्ली सुधारली. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच खान त्याला गिअरबॉक्सचं दुखणं सांगायला लागला. तक्रारी खलास. आणि 'तक्रार नाही तर बैठक नाही' हा नियम खुद्द अंकलचा. तीन सुट्ट्या कोरड्या गेल्या. आम्ही खोलीवर मस्त झोपा काढल्या. अंकल मात्र दरवेळी गॅरेज उघडून एकटेच बसून होते, असं नंतर वॉचमननं सांगितलं.

मग एका दुपारी मी एका पिकअपखाली आडवा पडून काम करत होतो. समोर अंकलची जुनी गाडी उभी. आदल्याच दिवशी तिचा हॉर्न मी दुरुस्त केला होता. अंकल आले, इकडेतिकडे पाहिलं, फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, हॉर्नचा फ्यूज उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. संध्याकाळी माझ्या हातात नोटीस. तक्रारदार, अध्यक्ष. आरोपी, दिलीप. हॉर्न वाजत नाही.

माझं टाळकंच सरकलं. म्हातारा माझ्या बारा वर्षांवर उठला होता. ठरवलं, भर बैठकीत त्यांना खिसा उलटा करायला लावायचा.

सुट्टीच्या दिवशी तणतणत गेलो. बघतो तर खुर्च्या पुसून मांडलेल्या. चार ग्लास धुऊन ओळीनं ठेवलेले. वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, बशीत काढलेली. अंकल पाठमोरे, फोन स्पीकरवर, मुलाशी बोलत होते.

"आज माझी बैठक आहे रे. सगळे येतायत. तू जेवलास का?"

"ग्रेट, डॅड. कॉल यू लेटर."

फोन बंद झाला तरी ते क्षणभर तसाच हातात धरून उभे राहिले. मग वळले आणि मला पाहून त्यांचा चेहरा इतका खुलला, की मी तणतणायचंच विसरलो.

"ये बाबा, ये. वेळेवर आलास. बस, आधी सुकेळं घे."

कुट्टी आणि खान येऊन बसले. अंकलनी तक्रार वाचली. "आरोपी, बोल."

अंकलच्या अंगात तोच शर्ट, खिशात फ्यूजचा लाल ठिपका स्पष्ट दिसत होता.

"चूक माझीच, अंकल. फ्यूज बसवायचा राहिला."

 अंकलचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "दिलीप, नीट आठव. तुझी बारा वर्षं आहेत."

"आठवलं. झाका पाटी."

त्यांनी मान खाली घातली. चादर काही त्यांनी काढली नाही. कुट्टीनं एकदा त्या खिशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घसा खाकरला.

"अध्यक्षजी, मेरा भी एक कम्प्लेंट है. खान के ऊपर. अगली छुट्टी को रखो."

"हाँ, गलती मेरी है," खान म्हणाला.

तक्रार काय आहे, ते कुट्टीनं अजून सांगितलंच नव्हतं.