मल्लूमामा जळत्या घराचं दार वाजवतात

आग लागलेल्या घराचं दार कोणी वाजवतं का? आमचे मल्लूमामा वाजवतात. आत आगडोंब, बाहेर बायकांचा आकांत, आणि हे गृहस्थ आगंतुक पाहुण्यासारखे उंबऱ्याशी उभे राहून तीन थापा मारतात नि विचारतात, "घरात कोन हाय का?" मग मान तिरकी करून उत्तराची वाट बघतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं आणि लगोलग अंगावर काटा आला, कारण मामांचा चेहरा उत्तर मिळाल्यासारखा झाला होता.

मी मुरुमला बंबावर ड्रायव्हर आहे. गाडी पोचवायची आणि पोचल्यावर पंप चालवायचा, एवढं माझं काम. पाईप घेऊन पुढं घुसायला इस्माईल, आणि काय करायचं ते ठरवायला मल्लूमामा. मल्लिनाथ हे पूर्ण नाव फक्त हजेरीपटावर. अंगानं काटकुळे, आवाज खर्जातला आणि उजवीकडची मिशी डावीपेक्षा बोटभर आखूड. ती का, हे विचारायची सोय नाही.

मामा आल्या आल्या पाणी मारू देत नाहीत. लोक आधी बंब उशिरा आला म्हणून शिव्या घालतात, मग आलेला बंब नुसता उभा का म्हणून. मामांच्या कानावरची माशी उठत नाही. ते घराभोवती एक फेरी मारतात. मागं वाट नसली तर शेजाऱ्याच्या न्हाणीघरातून जातात, पण फेरी होणारच. धूर बघतात. पांढरा, आळसावलेला धूर असला तर "आग अजून ऐकतीया" म्हणतात. पिवळट-काळा धूर जोरानं फटीतून येत असला तर काहीच म्हणत नाहीत. दाराबाहेरच्या चपला मोजतात. मग दाराला खालून वर उलटा हात फिरवतात. उलटा का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "तळहात भाजला तर काम कोन करायचं? उलट्या हाताला काय धंदा हाय?"

एवढं झालं की निकाल. आत माणूस असेल तर दारातून आत शिरायचं. नसेल तर बाहेरूनच मारा करायचा आणि शेजारची घरं राखायची. "रिकाम्या घरात इस्माईलला घालून बसलाव, तर त्याच्या बायकूला काय सांगू?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. इस्माईल म्हणतो, बायकोला काही सांगू नका, तेवढीच तिला शांतता.

हा सगळा प्रकार फक्त आगीपुरता असता तर ठीक होतं. पण मामा कुणाच्याही घरी असेच जातात. भाच्यासाठी लोहाऱ्याला मुलगी बघायला गेले. बाकी मंडळी सतरंजीवर बसून पोहे खातायत, आणि मामा बेपत्ता. मुलीच्या बापानं बाहेर येऊन पाहिलं तर मामा परसात उभे राहून छपराकडं बघत होते. आत येऊन त्यांनी भरल्या बैठकीत सांगितलं, "पोरगी ग्वाड हाय. पर मधल्या खोलीला दुसरं दार न्हाय. आग लागली तर समदे तिथंच घावतेत." मुलीची आई पोह्यांची बशी तशीच उचलून आत गेली. लग्न झालं ते मधल्या खोलीला दार पाडल्यावर.

माझ्या वास्तुशांतीला आले तेव्हा बाकीचे विचारत होते देवघर कुठं. मामांनी विचारलं सिलिंडर कुठं. मग आमच्या झोपायच्या खोलीत बराच वेळ नुसते उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "वैनीबाई, हितनं धूर पायाकडनं येनार. जाग येनार न्हाय, भ्याऊ नका." त्यांना हा दिलासा वाटला असावा. बायको महिनाभर ओसरीवर झोपली.

तर दार वाजवल्यावर मामा मला ओरडून सांगायचे, "पंप बंद कर!" पंप थांबला की लोकही गप्प व्हायचे. भर दुपारी अख्खी गल्ली चिडीचूप आणि फक्त आग बोलतेय, असं ते असायचं. मग तिथूनच विचारायचे, "दत्ता, काय ऐकू येऊलालंय का?" मी सीटवर बसल्या बसल्या तंबाखू चोळत म्हणायचो, "न्हाय मामा." उत्तर तयारच असायचं. एकदा तर मी म्हणालो, "चहा घेऊन जा म्हनूलालेत, मामा." सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते तसेच आत शिरले आणि थोड्या वेळानं रिकाम्या हातानं बाहेर आले. असं कितीतरी वेळा व्हायचं; बाकी वेळी माझ्या 'न्हाय'वर बाहेरूनच मारा करायचे. त्यांना भुतं हाका मारतात, असं गावात बोललं जायचं, आणि ते पसरवण्यात माझाही हात होता.

माकणी गावाकडच्या एका आगीची गोष्ट मला इस्माईलनं सांगितली. मी कामावर लागायच्या आधीची. घराला बाहेरून कुलूप आणि दारात एकही चप्पल नाही. घर रिकामं, असं मामांनी ठरवलं आणि बाहेरून पाणी मारलं. शेजारचा गोठा, कडबा, सगळं वाचलं. घर निवल्यावर आत गेले तर आतल्या खोलीच्या दारामागं एक बाई होती. तिनं तुळजापूरच्या देवीला नवस केला होता, नवरात्रापर्यंत अनवाणी राहायचा. तिच्या चपला दारात असणार कुठून? अंगात ताप होता, म्हणून घरच्यांनी तिला झोपू दिलं आणि कुणी शिरू नये म्हणून कुलूप लावून सगळे शेतावर गेले. चूक मामांची नाही, असं सगळेच म्हणाले. त्या दिवशी मामांनी दार वाजवलं नव्हतं, एवढंच.

ऐकून मला वाईट वाटलं. पण तंबाखू चोळणं काही थांबलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक माळवदाचं घर पेटलं. दाराला कुलूप, चप्पल एकही नाही. शेजारीण म्हणाली, "समदे लोहाऱ्याला लग्नाला गेलेत. आजी गेली का ऱ्हायली, काय की! सकाळी तर अंगनात होती." फोन लावला तर नुसता वाजत राहिला. लग्नाच्या बँडपुढं कुणाला ऐकू जाणार?

मामा फेरी मारून आले. दाराच्या फटीतून धूर बाहेर येत होता आणि परत आत ओढला जात होता. मग पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मी उभ्या जन्मात असं पाहिलं नव्हतं. "घर दम घेऊलालंय," मामा हळूच म्हणाले. "आत्ता दार उघडलं तर उघडनाराला गिळतंय." त्यांनी इस्माईलला शेजारच्या जिन्यानं माळवदावर धाडलं, छताचा झरोका फोडायला. आतला कोंडलेला धूर वरून निघून जाईपर्यंत काय तो वेळ होता. तेवढ्यात ठरवायचं होतं, आत शिरायचं की नाही.

मामांनी थापा मारल्या. हाक दिली. मी पंप बंद केला. "दत्ता, काय ऐकू येऊलालंय का?"

"न्हाय" माझ्या ओठावर आलं होतं. पण मामा या वेळी दारापाशी थांबले नाहीत. गाडीपर्यंत चालत आले. तोंड राखेसारखं झालेलं.

"खरं सांग," ते म्हणाले. "मला तर येऊलालंय."

"काय येऊलालंय?"

"आले, आले म्हनतीया. कडी वाजवल्यावर बाया म्हनतेत तसं. पर ती माकनीची बाई समद्याच घरात म्हनती रं. रिकाम्या घरात बी. म्हनून तर तुला इचारतो. माझ्या कानाचा भरवसा ऱ्हायला न्हाय."

माझ्या किती 'न्हाय'वर या माणसानं किती घरं सोडली असतील? मी तंबाखू फेकली, खाली उतरलो आणि दारात पालथा पडलो. खाली दार कमी तापलं होतं. कान लावला. आत काहीतरी टक्, टक् वाजत होतं. कुणी काठी टेकवत चालावं, तसं. मला आजीची काठी दिसायला लागली. हो म्हणालो तर मामा आणि इस्माईल त्या तोंडात शिरणार होते. नाही म्हणालो आणि चुकलो तर म्हातारी जाणार होती. कान चटचट भाजत होता, पण मी उचलला नाही. टक् टक् एकाच जागेवरून येत होतं. काठी जागा बदलते, कण्हणारा माणूस श्वास घेतो. हे तापलेलं भांडं होतं. त्याच्या मागं काही आहे का, ते मी ऐकत राहिलो. काही नव्हतं.

"न्हाय मामा," मी म्हणालो. "भांडं वाजूलालंय. मानूस न्हाय."

मामांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि ओरडले, "इस्माईल, उतर खाली! भायरनं!"

वर फोडलेल्या झरोक्यातून काळा लोट सुटला, मग खिडकीतून पाण्याचा मारा सुरू झाला. तासाभरानं घर निवलं. मामा एकटेच आत गेले. आतल्या खोलीत ते इतका वेळ थांबले की मी दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. बाहेर आले आणि आत कोणी नाही, अशी मान हलवली. तेवढ्यात लोहाऱ्याहून फोन आला. आजी मांडवात पहिल्या पंगतीला बसली होती आणि बुंदी कमी गोड आहे म्हणून कुरकुरत होती.

मी ओट्यावर बसकण मारली. मामांनी शेजारणीकडून तांब्याभर गार पाणी मागितलं आणि माझ्या भाजलेल्या कानावर हळूहळू सोडायला लागले.

"आज लई येळ ऐकलास," ते म्हणाले.

मला मान वर करवेना. त्यांना माहीत होतं. मी सीटवरून कधीच ऐकत नव्हतो, हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं. तरी ते दर वेळी मलाच विचारायचे, कारण इस्माईलला तर आत शिरायचं असायचं, आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं.