गजभिये काकांचं रिकामं शहर

मी मेल्याची बातमी मला पोळ्या लाटताना फोनवर कळली.

"जय भीम, रश्मी. पोळ्या करून राहिली का? बरं ऐक, तुला मी आज मारलं. सतराव्या मजल्यावर. वाईट वाटून घेऊ नको."

"कशी मेले, काका?"

"आरशातून हात आला. पण तुला त्रास नाही झाला. तेवढं मी पाहिलं."

शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरात आमच्या शेजारच्या टाउनहाऊसमध्ये राहणारे गजभिये काका एक भयकादंबरी लिहितात. चीनमधलं ओसाड शहर, आभाळाला टेकलेल्या इमारती, माणूस एकही नाही आणि लिफ्ट मात्र आपोआप वरखाली करतात. मरायला पात्रं म्हणून आम्ही ओळखीची माणसं. काका मूळचे नागपूरचे, लिफ्टचे इंजिनिअर. रिटायर झाल्यावरही रिकाम्या पडलेल्या ऑफिसांचे फायर अलार्म तपासायचं पार्टटाइम काम करतात. काकू गेल्यापासून त्यांच्या लिखाणाचा वेग वाढला आणि त्याबरोबर आमच्या वस्तीतला मृत्युदरही. माझा नवरा पाण्याच्या टाकीत गेला. मराठी मंडळाच्या अध्यक्षबाई तर कित्येक दिवस रुसल्या होत्या, कारण त्या नुसत्याच जिन्यावरून पडून मेल्या. भुतानं त्यांना हातही लावला नाही.

काका स्वतः भुतं मानत नाहीत. "आपण विज्ञान मानणारी माणसं. भूतबित काही नसते," असं ठणकावून सांगतात. मग आवाज खाली आणतात, "पण समज, असलंच तर?" आणि समोरच्याच्या हातातला समोसा हातातच राहतो.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी माझी गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी काकांबरोबर इंडियन ग्रोसरीत गेले. परतताना बर्फ सुरू झाला. काकांनी गाडी एका बंद पडलेल्या ऑफिसच्या आवारात वळवली.

"पाच मिनिटांचं काम आहे. वरच्या मजल्यावरचं अलार्मचं पॅनेल बघतो अन् येतो."

"मी गाडीतच बसते."

"बस. पण बर्फात एकटी बाई गाडीत बसली, की मला चॅप्टर सुचते."

मी मुकाट्यानं उतरले.

आत कोणाच्यातरी टेबलावर अजून कॉफीचा मग होता. खुर्च्या अर्धवट मागे सरकवलेल्या, जणू सगळे आत्ताच उठून गेलेत. मी जिन्याकडे वळले, तर काकांनी आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लिफ्टचं बटण दाबलं. दोन मजले वर गेलो असू. गचका बसला, दिवा गेला आणि लिफ्ट थांबली.

आधी मी हसले. मला वाटलं, काकांचीच काहीतरी गंमत. मग मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्यांचा चेहरा दिसला. कपाळावर घाम होता.

त्यांनी अलार्म दाबला. आवाज नाही. लिफ्टमधला फोन उचलला, तो मेलेला. माझ्या मोबाइलला सिग्नल नव्हता आणि त्यांचा फोन गाडीत चार्जिंगला. आम्ही इथे आहोत हे कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारपर्यंत इथे कोणी फिरकेल, याचीही खात्री नव्हती. आम्ही दारावर मुठी आपटल्या, ओरडलो. आमचेच आवाज वरून परत येत राहिले. बोटं गारठायला लागली.

काका हळूहळू खाली बसले. श्वास भराभर चालला होता. "रश्मी, बोलत राहा," ते म्हणाले. "गप्प नको बसू."

मी त्यांच्या शेजारी बसले. तोंडाला येईल ते विचारलं. "काका, ते शहर खरंच आहे?"

"होतं. कंपनीनं लिफ्ट बसवायला पाठवलं होतं. अख्खं शहर बांधून तयार, अन् राहायला कोणी आलंच नाही." ते थांबले, दम घेतला. "संध्याकाळी मी समोरच्या बिल्डिंगमध्ये जायचो. दोन-चार फ्लॅटचे दिवे लावून यायचो. मग आपल्या खिडकीत बसून जेवायचो. वाटायचं, शेजारी आहेत."

"मग आता आम्हाला कशाला मारता हो?"

"मारतो कुठं? तिथं राहायला नेतो. जिवंत माणूस कोणी येत नव्हतं ना."

"आणि काकू? त्या कितव्या मजल्यावर?"

टॉर्चच्या उजेडात त्यांनी बुटाची नाडी ओढून घट्ट केली. "तिला नाही नेलं," ते म्हणाले. "आधी मारावं लागते. ते मला लिहिता येत नाही."

तेवढ्यात वर पावलं वाजली. जड, सावकाश. आमच्या डोक्यावर येऊन थांबली. काकांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. कोणीतरी दारावर थाप मारली.

"एनीबडी इन देअर?"

आवारात फेरी मारणारा सिक्युरिटी गार्ड होता. बर्फाखाली गेलेली गाडी बघून तो आत आला होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. गार्डनं बोलावलेल्या फायर ब्रिगेडनं दार उघडून आम्हाला वर ओढलं, तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. गाडी घरापर्यंत मी चालवली.

घरी आल्यावर काका आपल्या दारापाशी किल्ली हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे चला." एरवी ते "चॅप्टर बाकी आहे" म्हणून सटकतात. आज मागोमाग आले आणि कोटासकट सोफ्याच्या कडेला टेकले. नवरा चहा ठेवायला गेला.

माझी मुलगी ईरा ब्लँकेट घेऊन टीव्ही बघत होती. तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आजोबा, वेअर यू स्केअर्ड?"

साऱ्या शॉमबर्गला घाबरवणारे काका तिच्याकडे वळले.

"हो बेटा," ते म्हणाले. "खूप."

ईरा थोडी सरकली आणि अर्धं ब्लँकेट तिनं त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तसे काका केवढ्यानं तरी दचकले. ईरा खिदळली, मग मी हसले, मग तेही.

त्यानंतर त्यांनी कोट काढला.