वाळ्याचा दगड

मुलांनो, एका जंगलात सगळी जागा वाघ-सिंहांच्या गोष्टींनी अडवली होती, म्हणून ही गोष्ट शेजारच्या माळरानावर घडली.

तिथे एका चपट्या दगडाखाली वाळा राहायचा. वाळा म्हणजे साप, पण इतका बारीक की तुम्ही त्याला गांडूळच म्हणाल. तो चावत नाही, फणा काढत नाही. दगडाखालच्या ओलीत वाळवीची अंडी खायची आणि कुणाला दिसायचं नाही, एवढंच त्याला येतं.

एकदा पावसाचं पाणी घरात शिरलं म्हणून तो जरा बाहेर आला. नेमकं टिटवीने पाहिलं. टिटवीला दिसलं की सगळ्या माळाला कळतं.

"इतका दुर्मीळ जीव, आणि आपण त्याच्यासाठी काहीच केलं नाही," कोल्हा हळहळला. त्याने लगेच वाळा बचाव समिती काढली. अध्यक्षपदावरून वाद नको म्हणून तो स्वतःच अध्यक्ष झाला.

समितीने ठरवलं, वाळ्याच्या घरापाशी पाटी हवी. पाटीला दगड हवा. आसपास चांगला चपटा दगड एकच होता.

रानडुकराने तो उचलून उभा केला. साळिंदराने आपल्या काट्याने त्यावर कोरलं, 'येथे दुर्मीळ वाळा राहतो. शांतता राखा.' नारळ फुटला. टिटवीने भाषण केलं.

वाळा मात्र उघड्यावर पडला. पाऊस सरला, ऊन चटके देऊ लागलं. ओल गेली, तिच्यामागे वाळवीही गेली.

"अध्यक्षसाहेब, दगड आडवा करा ना. मरेन हो मी," वाळा म्हणाला.

"आडवा केला तर लोक वाचणार कसं?"

"मला कुठे वाचता येतं?"

"अरे, पाटी तुझ्यासाठी नाहीच," कोल्ह्याने प्रेमाने समजावलं.

वाळा कसाबसा सुकलेल्या शेणाखाली शिरला आणि उपाशी पडून राहिला. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण मला समितीत कुणी घेतलं नव्हतं.

लांबलांबून प्राणी वाळा बघायला येऊ लागले. तो काही दिसेना. शेवटी समितीने त्याला नामशेष जाहीर केलं आणि पाटीपाशीच शोकसभा घेतली. रानडुकराला हुंदका आवरेना. ते आधारासाठी दगडाला टेकलं आणि दगड आडवा झाला, अक्षरं खाली.

"उचलू का परत?" त्याने विचारलं.

कोल्ह्याने डोळे पुसले. "राहू दे. वाळाच राहिला नाही, आता पाटी कशाला?"

दगडाखाली हळूहळू ओल धरली. वाळवी परतली. पाठोपाठ वाळाही परतला.

आता दरवर्षी त्याची पुण्यतिथी होते. अध्यक्ष त्याच दगडावर उभे राहून बोलतात. खाली वाळा अंडी खाता खाता स्वतःचे गुण ऐकतो. एका वर्षी त्याला इतकं भरून आलं की बाहेर येऊन आभार मानावेसे वाटले. मग त्याने आणखी एक अंडं खाल्लं आणि गप्प राहिला.

तात्पर्य: ज्याला सुखाने जगायचं असेल, त्याने वेळीच नामशेष व्हावं.