चार इंचांची उंची

"आज खुर्ची माझीच!" असं आरशाला बजावून फिजिओथेरपिस्ट बाई घराबाहेर पडल्या. खुर्ची होती विभागप्रमुखाची, आणि ती कुणाला द्यायची हे इस्पितळाचे मोठे डॉक्टर आजच्या व्याख्यानावरून ठरवणार होते. विषय बाईंच्या डाव्या हातचा मळ: उंच टाचांमुळे सांध्यांचे आणि कंबरेचे होणारे हाल!

अडचण एकच. सभागृहातलं पोडियम बाईंच्या नाकाला लागायचं. मागच्या व्याख्यानात लोकांना त्यांचा नुसता अंबाडा दिसला होता!

"वहिनी, हे घाल," म्हणत नणंदेनं सकाळीच आपले चार इंची सँडल पुढे केले होते.

"अगं, मी यांच्याच विरुद्ध बोलणार आहे!"

"पोडियममागे पाय कोण बघतंय? अर्ध्या तासाचा तर प्रश्न!"

व्याख्यान रंगलं. आवाज खणखणीत, मान ताठ. "टाच उचलली की वजन चवड्यावर येतं," बाई म्हणाल्या, आणि चवडे निखाऱ्यावर ठेवल्यागत पोळले. "मग गुडघे कुरकुरतात." गुडघे कुरकुरले! अंग कसं गुणी विद्यार्थ्यासारखं शब्द न् शब्द ऐकत होतं. पडद्यावर कंबरेचं चित्र आलं. बाईंना घाम फुटला. "आणि शेवटी कंबर..."

कट्!

बाई धनुष्यासारख्या वाकल्या, त्या वाकलेल्याच राहिल्या. खुर्ची दूर दूर निघालेली त्यांना दिसली. मग आता लपवायचं तरी काय? पोडियमला धरून बाई खेकड्यासारख्या बाजूला सरकल्या. सँडल सगळ्यांच्या डोळ्यांत भरले.

"ही पाहा, अशी धरते! अवघ्या वीस मिनिटांत! आता सोडवायची कशी, ते पाहा. या हो, वर या!"

पहिल्या रांगेतले एक सहकारी, खुर्चीचे दुसरे उमेदवार, धावत आले. त्यांनी बाईंना आडवं केलं, सँडल काढले, गुडघे अलगद पोटाशी नेले.

"खरंच धरलीय का हो?" ते पुटपुटले.

"गप्प बसा आणि हळू दाबा!"

पाच मिनिटांनी बाई अनवाणी उभ्या राहिल्या. टाळ्यांनी छत दणाणलं! मागच्या रांगेत तीन नर्सबाईंनी गुपचूप आपापले सँडल काढून ठेवले.

मोठे डॉक्टर मंचावर चढले. "खुर्ची तुमचीच! काय तो अभिनय! उद्या दुसऱ्या पाळीच्या लोकांना अगदी असंच करून दाखवा!"

बाईंनी आनंदानं मान डोलावली. तेवढी एकच गोष्ट न दुखता हलत होती.