सदर विद्यार्थिनीस घरी शिकवणेबाबत

लक्ष ही एका जागी ठेवायची वस्तू आहे, आणि ती जागा कोणती हे नेहमी दुसऱ्याने ठरवायचं असतं. जगातल्या समस्त शाळा, कचेऱ्या आणि लग्नाचे मांडव याच एका तत्त्वावर उभे आहेत. मी सोलापुरात एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर एकोणीस वर्षं बसतो आहे, तेव्हा या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. (आलेल्या कागदावर आवक क्रमांक घालायचा, गेलेल्यावर जावक. मधल्या काळात कागदाचं काय होतं, हे माझ्या टेबलाचं काम नव्हे.)

गोष्ट १९७६ सालची. देशात तेव्हा शिस्तीचे दिवस होते. आमच्या कचेरीत 'कमी बोला, जास्त काम करा' अशी पाटी लागली होती आणि ती सरळ लागली आहे की तिरकी, यावर आम्ही दोन दिवस बोलत होतो. त्याच आठवड्यात बाळीवेशीतल्या आमच्या घरी, माझा थोरला भाऊ शिवशरण याच्या मुलीचं सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं. मुलगी नऊ वर्षांची, इयत्ता तिसरी, वर्ष दुसरं. शेरा असा होता : 'लक्ष नाही. अक्षरे उलटसुलट वाचते. घरी समज द्यावी.'

समज द्यायची तर ती घरात शिल्लक असावी लागते, हे हेडमास्तरांच्या ध्यानात आलं नसावं. त्यांनी तोंडी निरोपही धाडला होता की, यंदाही त्याच वर्गात बसली तर आमचा इलाज खुंटला, तुम्ही तिला घरीच शिकवलेलं बरं.

मुलीविषयी थोडं सांगितलं पाहिजे. पुस्तक उघडलं की तिच्यासमोर 'कमळ'चं 'मकळ' व्हायचं आणि मग ते पुन्हा कमळ कधी होतंय याची वाट बघत ती बसून राहायची. वर्गाच्या खिडकीतून समोरच्या माडीवर वाळत घातलेलं रंगीत सूत दिसायचं, ते ती तास तास बघायची. शिवशरणचं चादरींचं दुकान. घडी घातलेल्या चादरीत एखादा धागा चुकला असेल, तर तो तिला उंबऱ्यातून दिसायचा. (हा विषय अभ्यासक्रमात नाही.) शिवशरणनं एकदा तिला 'वाच, वाच' म्हणत फूटपट्टीनं मारलं. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि तोही जेवला नाही. एकूण उपाशी : दोन. वाचन : जैसे थे.

हे असं चालू द्यायचं नाही, असं सर्वांचं मत पडलं आणि घरगुती समिती नेमली गेली. अध्यक्ष आमचे वडील महादेवप्पा, कारण ते कोणत्याही सभेचे अध्यक्षच असायचे. सदस्य शिवशरण आणि त्याची बायको गुरम्मा. निमंत्रित तज्ज्ञ म्हणून शेजारचे हिंदुराव. हे मूळचे माढ्याचे. त्यांचा थोरला चिरंजीव मॅट्रिकला चार वेळा बसला होता, त्यामुळे शिक्षणाचा इतका दीर्घ अनुभव आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणालाच नव्हता. सचिव अस्मादिक.

पहिली सभा रविवारी माजघरात झाली. विषय एकच : मुलीचं लक्ष लागत नाही. चर्चा सखोल झाली. हिंदुरावांनी आपल्या काळात मास्तर कसे मारायचे ते करून दाखवलं. तिथून गोष्ट करडईच्या तेलावर गेली, तेलावरून गड्ड्याच्या जत्रेत आलेल्या मौत का कुआंवर, आणि तिथून शिवशरणच्या सायकलच्या पंक्चरवर. वडिलांनी अकरा वेळा तपकीर ओढली आणि दोनदा डोळा लागून जागे झाल्यावर 'हौदु, हौदु' म्हणून कन्नडमधून दोन ठरावांना मान्यता दिली. ते ठराव अजून मांडलेच गेले नव्हते. सभा तीन तास चालली. त्यात मुलीचा उल्लेख चार वेळा आला. (तपकिरीचा आणि उल्लेखांचा हिशेब मुलीनं दिला. ती उंबऱ्यावर हनुवटी टेकून पूर्ण वेळ हजर होती. एवढं लक्ष देऊन सभेला बसलेलं माणूस मी कचेरीतही पाहिलेलं नाही.)

दुसऱ्या सभेत गुरम्मा पहिल्यांदा बोलली. चहाच्या कपबश्या गोळा करता करता ती म्हणाली,

"तिला इचारायचं का एकदा? तिला काय वाटतंय ते?"

सूचना अतिशय मोलाची होती. परंतु ती विषयपत्रिकेवर नसल्यामुळे पुढील सभेत घ्यावी, असं मी इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात नोंदवलं. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर ती घालायची राहून गेली. विषयपत्रिका मीच करत होतो.

तिसऱ्या सभेत ठरलं की, आधी आठ दिवस प्रायोगिक तत्त्वावर घरशाळा चालवून बघावी. शाळेला तेवढे दिवस मुलीला 'ताप' असल्याचं कळवलं. आता घरी शिकवायचं म्हणजे काही पोरखेळ नव्हे. शाळा म्हटली की घंटा हवी, म्हणून देवघरातली घंटा आणली. घंटा झाली की शेजारचे लोक प्रसादाला येऊ लागले, तेव्हा ती परत ठेवून पितळी ताट वाजवायचं ठरलं. हजेरीपट मी कचेरीतून आणला. त्यात विद्यार्थिनी एक आणि शिक्षक चार, हे प्रमाण त्या वेळी अख्ख्या जिल्ह्यात कुठं नसेल.

गणित वडिलांकडं दिलं होतं. ते पावकी-निमकी म्हणता म्हणता त्यांच्या लहानपणीच्या वळसंगच्या बाजारात शिरायचे आणि पुढचा तास तिथंच फिरत राहायचे. इतिहास हिंदुरावांकडं, पण तो चिरंजीवांच्या इतिहासापलीकडं सरकेना. मराठी शिवशरणनं घ्यायचं होतं. तो दुकानातून यायचा, पुस्तक उघडायचा, 'वाच' म्हणायचा आणि तिचा चेहरा बघून पुस्तक मिटायचा. इंग्रजी माझ्याकडं. मी तिला 'रिसीव्ह्ड' आणि 'डिस्पॅच्ड' हे दोन शब्द शिकवले. नोकरीत मला याहून जास्त कधी लागले नाहीत.

आठ दिवसांची आकडेवारी अशी. शिक्षक उशिरा आले : सतरा वेळा. शिक्षक शिकवताना झोपले : सहा वेळा (सर्व अध्यक्ष). शिकवता शिकवता उठून गेले ते परत आले नाहीत : नऊ वेळा. विद्यार्थिनी जागेवर नव्हती : एकदा, तेही पाणी प्यायला, विचारून.

शुक्रवारी शिवशरण, घरशाळेचा मुख्याध्यापक या नात्याने, फार चिडला. त्यानं पालकांना पत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं : 'आपल्या पाल्याचे लक्ष नाही, घरी समज द्यावी.' जावक क्रमांक एक घातला. मग ते पालकाला म्हणजे शिवशरणलाच दिलं, आवक क्रमांक एक घातला. त्यानं ते वाचलं आणि फार वाईट वाटून घेतलं. घरी समज द्यावी म्हणजे आता नेमकं कुठं द्यावी, असं त्यानं मला विचारलं. प्रश्न माझ्या टेबलाचा नव्हता.

प्रयोग यशस्वी झाल्याचं सर्वानुमते ठरलं. सूचक हिंदुराव, अनुमोदक अध्यक्ष. (ते जागे होते.) मुलीचा शाळेतून दाखला काढायचा आणि तिला कायमचं घरी शिकवायचं, असा ठराव झाला. गुरम्मा चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिची हरकत नाही, असं मी लिहिलं.

अर्जाचा मसुदा माझा. स्वतःची स्तुती करू नये, पण असा अर्ज सोलापूर जिल्ह्यात क्वचितच लिहिला गेला असेल. 'सदर विद्यार्थिनी' हा शब्दप्रयोग त्यात अकरा वेळा होता. सदर विद्यार्थिनीचे चित्त एकाग्र होत नसल्याने, सदर विद्यार्थिनीच्या हिताचा साधकबाधक विचार करून, सदर विद्यार्थिनीस... असा तो दोन पानं चालला होता. पाच जणांनी वाचला. हिंदुरावांनी तर मोठ्यानं वाचला आणि 'याला म्हणतात ड्राफ्टिंग' म्हणाले. शिवशरणची सही, खाली साक्षीदार म्हणून आमच्या सह्या, वडिलांचा अंगठा. (त्यांना सही येते. पण अंगठ्याला वजन जास्त असतं, असं त्यांचं मत.)

सोमवारी तो अर्ज द्यायला मुलीलाच शाळेत धाडलं. दप्तर न घेता चालली होती. गल्लीच्या वळणावर तिनं मागं वळून बघितलं, तेव्हा मी सायकलचा पंप शोधत असल्यासारखं केलं.

दुपारी ती अर्ज घेऊन परत आली. हेडमास्तरांनी तांबड्या शाईत एक ओळ लिहिली होती : 'अर्जात विद्यार्थिनीचे नाव नाही. दाखला कोणाचा द्यावा?'

मी दोन्ही पानं उलटीपालटी करून बघितली. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. बापाचं नाव होतं, आजाचं होतं, पेठ होती, घर नंबर होता, हिंदुरावांचा माढ्याचा पत्ताही होता. पोरीचं नाव कुठंच नव्हतं. इतकी वर्षं कागद हाताळलेला माणूस मी, पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पोरगी समोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य असं काही नव्हतं, म्हणून मी विचारलं,

"तुला ठावं होतं?"

"व्हय की. पायरीवर बसून वाचलं. नरसम्मा संगं होती. ती माजं बोट धरून एकेक अक्षर वाचती. लई येळ लागला. पन माजं नाव आलंच न्हाय."

नरसम्मा म्हणजे तिच्या शेजारी बसणारी साखर पेठेतली विणकराची मुलगी. आमची मुलगी वर्षभर तिच्या हातात बोट देऊन वाचत होती, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

"मग आधीच सांगायचं न्हाय का?"

"कुनी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "काका, नरसम्मा घरच्या शाळंत न्हाय येनार की."

आत गुरम्माच्या हातातलं भांडं खाली पडलं.

त्या अर्जावर मी आवक क्रमांक घातला, 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे' असा शेरा मारला आणि माझ्या टेबलाच्या सर्वात खालच्या खणात ठेवला. तिथं गेलेला कागद आजवर बाहेर आलेला नाही. आयुष्यभर जी विद्या मी कमावली, ती त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आली. समितीनं दोन-तीनदा विचारलं. मी 'कार्यवाही चालू आहे' म्हणालो. चौथ्या वेळी समितीचं लक्ष करडईकडं गेलं होतं. मुलगी दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत गेली. नरसम्माच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या हातात बोट देऊन तिसरीच्या पुस्तकाचं पहिलं पान वाचू लागली. अजून सावकाशच वाचते, पण एकही ओळ गाळत नाही.

एवढीच हकीकत. आपण सुशिक्षित वाचक, अक्षरं उलटसुलट न वाचणारे, आणि पहिल्या ओळीपासून इथवर लक्ष देऊन आलात, याबद्दल मी आभारी आहे. तिची इयत्ता, तिचं वय, तिच्या आजोबांची तपकीर, शेजाऱ्याचं गाव, सगळं आपल्या ध्यानात राहिलं असेल. आता तिचं नाव सांगा पाहू.

नका शोधू मागं जाऊन. नाही ते. आपणही विचारलं नाहीत.