रेड्याचे घरगुती विद्युतीकरण

बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे हे पोटापाण्याचे काम आहे. न बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे हे कर्तृत्व आहे. पहिल्या कामात यश आले तर वस्तू होती तशी होते, एवढेच. दुसऱ्या कामात यश कशाला म्हणायचे हेच कोणाला ठाऊक नसल्यामुळे अपयशाला मुळी जागाच राहत नाही. जगातल्या बहुतेक सुधारणा याच मार्गाने झालेल्या आहेत (पाहणी आम्हीच केली, घरबसल्या).

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या चष्मेवाल्यांनी आपली जाड टायरची सायकल घरच्या घरी विजेवर नेली, ती हकीकत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. चष्मेवाले हे त्यांचे नाव नव्हे, धंदा. "खालची ओळ वाचा," असे लोकांना सांगण्यात त्यांचा दिवस जातो. स्वतः मात्र त्यांनी कोणत्याही वस्तूबरोबर आलेला कागद आजवर वाचलेला नाही. (दिवसभर वाचून घेणाऱ्याने घरी येऊन पुन्हा वाचावे, ही अपेक्षाच क्रूर आहे.)

सायकलीचे टायर माणसाच्या मांडीएवढे होते. ती वाळूत, चिखलात आणि बर्फातही चालते, अशी ग्वाही दुकानदाराने दिली होती. आमच्या रस्त्यावर यांपैकी काहीच नसल्यामुळे ती फारशी चालत नसे. चष्मेवाल्यांच्या आईने, म्हणजे आजींनी, तिला पहिल्याच दिवशी 'रेडा' म्हटले आणि तेच नाव पडले. रेडा चढावर ओढताना चष्मेवाल्यांचा जो चेहरा होई, तो पाहून आजी खिडकीतून ओरडत, "अरे, उतर आणि त्यालाच बसव तुझ्यावर!"

तरीही विजेचा विचार दमल्यामुळे आला, असे कोणी समजू नये. तो साडूंमुळे आला.

साडू म्हणजे वहिनींच्या, चष्मेवाल्यांच्या पत्नीच्या, थोरल्या बहिणीचे यजमान, घराण्याचे मोठे जावई. त्यांच्या सासुरवाडीत एक अलिखित नियम आहे: काही बिघडले की फोन साडूंना जातो, काही आणायचे असले की चष्मेवाल्यांना. साडू येतात, बिघडलेल्या वस्तूकडे रोखून बघतात, "हं" म्हणतात आणि वस्तू बहुधा घाबरूनच सुरू होते. त्या वेळी चष्मेवाले दारात पिशवी घेऊन उभे असतात. लग्नाला एवढी वर्षे झाली, मूल शिकून नोकरीला लागले, पण "जरा येऊन बघून जा ना" हा फोन त्यांना एकदाही आला नाही. तो एकदा तरी यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. याहून मोठ्या गोष्टींसाठी माणसे याहून कमी झुरतात.

तर साडूंनी दुकानातून तयार विजेची सायकल घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अरे, तूही घे एक. तयारच घे हं, घरी काही खटपट करत बसू नकोस. तुझं काम नाही ते."

चष्मेवाले म्हणाले, "त्यात काय एवढं?"

या तीन शब्दांनी प्रकल्पाला मंजुरी मिळाली. पुढच्या महिन्यात साडू जेवायला येतील तेव्हा दोघांनी आपापली सायकल घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढायचा, हेही तिथेच ठरले.

मोटर बसवलेले चाक, बॅटरी आणि वायरींचा गुंता असे सामान खोक्यातून आले. काम दिवाणखान्यात सुरू झाले. मनुष्यबळाची विभागणी अशी: मुख्य अभियंता, चष्मेवाले. पुरवठा (चहा, फडकी, जुने बनियन, पुन्हा चहा), वहिनी. टीका, आजी. प्रकाशयोजना, म्हणजे टॉर्च धरणे, अस्मादिक. आम्हाला कोणी बोलावले नव्हते. पण जिन्यातला दिवा लावला की आमच्या घरची बेल वाजते, त्यामुळे समोर सामान आले की आम्हाला कळतेच. (ही एक सोय आहे.)

मोटरचे पहिले चाक सडपातळ निघाले. रेड्याच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये ते घातले तेव्हा मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखे हलू लागले. ते परत करून रुंद चाक मागवण्यात आले. "मापात चूक झाली का?" असे आम्ही विचारताच टॉर्च नीट धरण्याची सूचना मिळाली. सोबत आलेले माहितीपत्रक चांगले जाड, गुळगुळीत कागदाचे होते. फरशीवर ग्रीसचे डाग पडू नयेत म्हणून ते सायकलीखाली अंथरले आणि त्याचा प्रकल्पाला फार उपयोग झाला.

शेवटी राहिली एक चकती. ही पेडलच्या कण्यावर दाबून बसवायची असते. तिच्यात बारीक लोहचुंबक असतात. पेडल फिरले की चकती फिरते, शेजारचा डोळा ते पाहतो आणि मोटरला कळवतो की मालक कष्ट घेत आहेत, मदतीला चल. एवढेच तिचे काम.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ह्या चकतीवर बाण आहे. तो पुढच्या अंगाला यायला हवा ना?"

"तो कंपनीचा शिक्का आहे," मुख्य अभियंता म्हणाले.

सर्व काम पूर्ण झाल्यावर मूठभर नट उरले. कंपनी जास्तीचे देते, असा खुलासा करून ते बशीत ठेवण्यात आले. बशी अजून आहे.

चाचणी इमारतीसमोरच्या अंगणात झाली. चष्मेवाल्यांनी पेडल मारले. रेडा पूर्वीसारखाच चालला, म्हणजे चष्मेवाल्यांच्या जिवावर. मोटरने हूं की चूं केले नाही. वायरी तपासल्या, बॅटरी काढून पुन्हा लावली, मोटरवर दोन थपडाही मारून पाहिल्या (ही पद्धत साडूंचीही आहे, पण ते हळू मारतात). शेवटी वैतागून त्यांनी पेडल मागे फिरवले. तत्क्षणी रेडा गुरगुरला, उसळला आणि मालकासह कचऱ्याच्या डब्यात शिरला.

वहिनींना सगळे तिथेच कळले. चकती उलटी बसली होती. डोळ्याला मागचे पुढे दिसत होते. त्यांनी सांगायला तोंड उघडले. पण डब्यातून चष्मेवाले उठले ते असे हसत, की लग्नाच्या फोटोतही हा माणूस तसा हसलेला नव्हता. "चालली!" ते ओरडले. "मागे मारलं की चालते!" वहिनींनी तोंड मिटले. कळले आम्हालाही होते, पण टॉर्च धरणाऱ्याने बोलायचे नसते.

त्यानंतर या रचनेचे फायदे एकेक करून उजेडात येऊ लागले. पेडल पुढे मारले तर सायकल माणूस चालवतो, मागे मारले तर वीज चालवते. कोणाचे श्रम किती, याबद्दल वाद राहत नाही. चोराने रेडा पळवलाच, तर तो घाम गाळून पळवील, म्हणजे चोरीतही कष्टाची कमाई होईल. शिवाय मांडीचे जे स्नायू माणूस जन्मभर वापरत नाही, ते वापरात येतात. (ते कोणते, हे चष्मेवाल्यांना जिना उतरताना रोज कळत असे.) आजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पुढे जायला उलटं मारायचं. ह्याच्या वडिलांचंही जन्मभर असंच होतं."

महिनाभर चष्मेवाल्यांनी मागे पेडल मारण्याचा सराव केला. आरशापुढे, खुर्चीत बसून, दुकानात गिऱ्हाईक खालची ओळ वाचत असताना. पाय इतके तयार झाले की झोपेतही मागे फिरत. वहिनी पांघरूण वेगळे घेऊ लागल्या.

मात्र जेवणाचा रविवार जवळ आला तशी वहिनींना काळजी लागली. साडू तज्ज्ञ माणूस. एक नजर टाकतील, "हं" म्हणतील, "चकती उलटी आहे" म्हणतील, आणि पुन्हा कधी ह्या माणसाच्या चेहऱ्यावर ते हसू दिसायचे नाही. नवऱ्याची लाज राखायची, एवढाच त्यांचा हेतू. शनिवारी चष्मेवाले दुकानात असताना त्यांनी चकती काढली, बाण पुढे करून बसवली आणि हात धुऊन भाजी चिरायला घेतली. सांगायचे त्यांनी सकाळवर टाकले, आणि सकाळी पाहुणे लवकर आले.

चढाच्या पायथ्याशी दोन्ही सायकली उभ्या राहिल्या. वर टाकी, खाली आम्ही सर्व. आजींनी रुमाल हलवला. साडू भुर्रकन निघाले. चष्मेवाल्यांनी सर्व ताकद एकवटून पेडल मागे मारले. आणखी मागे मारले. रेडा जागच्या जागी. पाय पंख्यासारखे फिरताहेत, चेहरा लाल झालेला, आणि सायकल तसूभर हलत नाही.

"अहो, पुढे मारा!" वहिनी धावत गेल्या. "पुढे! मी काल सरळ केली ती!"

चष्मेवाल्यांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिले, की आम्ही टॉर्च नसतानाही खाली बघितले. "बिघडवलीस?" ते एवढेच म्हणाले.

एव्हाना साडू अर्ध्यातून परत आले होते. "अरे, हे काय? उलटं का मारतोयस?"

हाच तो क्षण. वहिनींनी डोळे मिटले. चष्मेवाल्यांनी घाम पुसला आणि गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तितक्या शांतपणे म्हणाले, "हिला मागेच मारायचं असतं, भाऊ. तुमच्याकडे पुढे मारायचीच आहे का अजून?"

साडूंनी सायकलीकडे रोखून पाहिले. साडूंची सगळी कीर्ती एका गोष्टीवर उभी आहे: आपल्याला माहीत नाही, असे ते कधीही म्हणालेले नाहीत. मग ते म्हणाले, "हं. नव्यात तसंच येतं आता."

वहिनींनी चकती काढली आणि पुन्हा उलटी बसवली. शर्यत नव्याने सुरू झाली. चष्मेवाले ताठ बसून, पाय मागे मारत, चढावर निघाले. साडू बरोबरीनेच होते. पण त्यांची नजर रस्त्यावर नव्हती, चष्मेवाल्यांच्या पायांवर होती. त्यामुळे वळणावर ते बांधकामाच्या वाळूच्या ढिगात गेले. (वाळूत चालणारी सायकल दुसरी होती.) टाकीशी चष्मेवाले एकटे पोहोचले आणि तिथून त्यांनी हात केला. वहिनी रडत होत्या की हसत होत्या, ते आम्हाला नीटसे सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही.

आठवड्याच्या आत चष्मेवाल्यांचा फोन वाजला. साडू होते. आवाज जरा खाली घेऊन म्हणाले, "अरे, वेळ असला तर जरा येऊन बघून जा ना. माझी अजून पुढेच मारायची आहे."

चष्मेवाले पिशवी न घेता गेले. सासुरवाडीत आता दोन्ही सायकली मागे पेडल मारून पुढे जातात, तिसरीची मागणी आलेली आहे, आणि बाण हा कंपनीचा शिक्का आहे यावर घराण्याचे एकमत झाले आहे.

हसलात? हसा. आम्हीही हसत होतो. तेवढ्यात कोणीतरी जिन्यातला दिवा लावला आणि आम्ही दार उघडायला उठलो. आता हसून झाले असेल तर एकदा आठवून बघा: परवा तुमच्याकडे पाहुणे आंघोळीला गेले, तेव्हा बंद दाराबाहेर उभे राहून तुम्ही काय ओरडत होतात? "लाल नाही हो, निळा नळ सोडा, निळा! गरम निळ्यालाच येतं. आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे!"